बाळंतपणाची रजा: तारखा, कागद आणि पैसे

मातृत्व रजेचा दावा बहुधा तीन ठिकाणी अडकतो. रजा तोंडी मागितलेली असते, दिवस एचआरने किंवा ठेकेदाराने आपल्या सोयीने मोजलेले असतात, नाहीतर बाईने घाईत राजीनाम्यावर सही केलेली असते. कायदा तिन्ही वेळा बाईच्याच बाजूने असतो, पण तो राबवून घ्यायला हातात कागद लागतो. म्हणून खाली कलमांपेक्षा तारखा, हिशेब आणि अर्ज यांवर जास्त भर आहे. माहिती मुख्यतः खासगी नोकरीतल्या स्त्रियांसाठी आहे. सरकारी सेवेचे नियम वेगळे आहेत, त्यांचा उल्लेख पुढे येईल.

कायदा कोणता

पन्नासहून जास्त वर्षं हे काम मातृत्व लाभ अधिनियम, १९६१ पाहत होता. २०१७ च्या दुरुस्तीने १२ आठवड्यांची रजा २६ आठवडे झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि जुना कायदा तिच्या सहाव्या प्रकरणात, म्हणजे कलम ५९ ते ७२ मध्ये, सामावला गेला. हक्कांचा गाभा तोच राहिला. ऑफिसात अजून सगळे ‘मॅटर्निटी बेनिफिट ॲक्ट’च म्हणतात. तुम्हीही म्हणा, पण अर्जात संहितेचं नाव लिहा.

कारखाना, खाण आणि मळा यांना हा कायदा लागू आहेच. दुकान, ऑफिस, शाळा, दवाखाना, आयटी कंपनी अशा आस्थापनांना तो १० किंवा अधिक माणसं कामाला असतील तर लागू होतो. कायम, प्रोबेशनवर, कंत्राटी, रोजंदारी असा भेद इथे नाही. दिल्ली महानगरपालिकेच्या मस्टरवरच्या रोजंदार स्त्रियांना मातृत्व लाभ द्यावा लागेल, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितलं आहे. तरीही ‘तू कंपनीच्या रोलवर नाहीस’ हे वाक्य ऐकू येतंच. ठेकेदारामार्फत कामाला असाल तर अर्ज ठेकेदाराला द्या आणि त्याची प्रत मूळ कंपनीच्या एचआरला पाठवा.

पात्रता: ८० दिवस

अट एकच आहे. अपेक्षित प्रसूतीच्या तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्या मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेलं असावं. ‘एक वर्ष पूर्ण नाही’, ‘कन्फर्मेशन झालेलं नाही’, ‘तू आलीस तेव्हाच गरोदर होतीस’, यातलं एकही कारण कायद्यात नाही.

ड्यू डेट १५ ऑक्टोबर २०२६ असेल तर १५ ऑक्टोबर २०२५ ते १४ ऑक्टोबर २०२६ हा काळ बघायचा. आठवड्याला सहा दिवस काम असेल तर ८० दिवस साधारण साडेतेरा आठवड्यांत भरतात, पाच दिवसांचा आठवडा असेल तर १६ आठवड्यांत. कायद्याने मिळणाऱ्या पगारी सुट्ट्या आणि ले-ऑफचे (मालकाने काम न दिल्याने बसून राहावं लागलं ते) दिवस यात धरले जातात. १५ ऑगस्टची सुट्टी हजेरीतून वजा करून ‘७९च दिवस होतात’ असं कोणी म्हटलं तर ते चूक आहे. काठावर असाल तर हजेरीचा उतारा आत्ताच मागून ठेवा. बायोमेट्रिक असेल तर पोर्टलवरून दर महिन्याची प्रत उतरवून घ्या, कारण रजेवर गेल्यावर लॉगिन बंद होणं ही नेहमीची गोष्ट आहे.

रजा किती आणि कोणत्या तारखेपासून

हयात मुलं दोनपेक्षा कमी असतील तर २६ आठवडे. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे ड्यू डेटच्या आधी घेता येतात. दोन किंवा अधिक हयात मुलं असतील तर १२ आठवडे, त्यातले ६ आधी. तिसऱ्या बाळंतपणाला काहीच मिळत नाही हा गैरसमज आहे, रजा कमी होते पण शून्य होत नाही. पहिल्याच खेपेला जुळी झाली तर २६ आठवडेच, कारण प्रसूतीआधी हयात मूल एकही नव्हतं. जुळ्यांनंतरच्या पुढच्या बाळंतपणाला मात्र १२ आठवडे.

आठवडे कॅलेंडरचे असतात. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस, रविवार आणि सुट्ट्या धरून. ड्यू डेट १५ ऑक्टोबर असेल तर रजा सर्वांत लवकर २० ऑगस्टला सुरू करता येते, ती १७ फेब्रुवारीला संपते आणि १८ ला हजर व्हायचं. तीच रजा १ ऑक्टोबरपासून घेतली तर (लीप वर्ष नसेल तर) ३१ मार्चपर्यंत चालते. बाळाजवळ जास्त दिवस हवे असतील आणि तब्येत साथ देत असेल तर उशिरा निघणं फायद्याचं. रोज दीड-दोन तास लोकलने किंवा एसटीने प्रवास असेल तर मात्र हा हिशेब डॉक्टरांना विचारूनच करा. प्रसूती ड्यू डेटच्या पुढेमागे झाली तरी एकूण दिवस तेवढेच राहतात, फक्त आधीचे आणि नंतरचे असं वाटप बदलतं.

प्रसूतीनंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत स्त्रीला कामावर ठेवायलाच मनाई आहे. तुम्ही स्वतः तयार असलात तरी मालकाने बोलावता कामा नये. घरून ‘फक्त दोन मेल बघ’ हेही कामच.

दत्तक घेणाऱ्या आईला आणि सरोगसीतून मूल मिळवणाऱ्या आईला, मूल ताब्यात आल्यापासून, १२ आठवडे आहेत. दत्तकाच्या बाबतीत मूल तीन महिन्यांपेक्षा लहान असावं अशी अट कायद्यात घातली गेली. दत्तकाची कायदेशीर प्रक्रिया इतक्या लवकर क्वचितच पुरी होते, त्यामुळे या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं. दत्तक घेणार असाल तर अर्जाआधी तिची ताजी स्थिती वकिलाकडून किंवा कामगार कार्यालयातून विचारून घ्या.

अर्ज

रजेवर जाण्याच्या साधारण दोन महिने आधी लेखी सूचना द्या. कायद्याला तीन गोष्टी हव्यात: कोणत्या तारखेपासून गैरहजर राहणार, पैसे कोणाला द्यायचे (स्वतःला की नामनिर्देशित व्यक्तीला), आणि या काळात दुसरीकडे काम करणार नाही याची कबुली. कंपनीचा छापील फॉर्म असेल तर तो भरा, शिवाय मेलही पाठवा. मजकूर असा चालेल:

प्रति, व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग.
विषय: सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अन्वये मातृत्व लाभाची सूचना.
मी (नाव, कर्मचारी क्रमांक, विभाग) गरोदर असून डॉक्टरांच्या प्रमाणपत्रानुसार प्रसूतीची अपेक्षित तारीख … आहे. मी दिनांक … पासून २६ आठवडे मातृत्व रजेवर राहणार आहे. या काळात मी अन्य कोणत्याही आस्थापनेत काम करणार नाही. लाभाची रक्कम माझ्या पगाराच्या खात्यात जमा करावी. माझ्या गैरहजेरीत रक्कम स्वीकारण्यासाठी … (नाव, नातं) यांना नामनिर्देशित करते. सोबत: गरोदरपणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र. या सूचनेची पोच मिळावी.

यात ‘रजा मंजूर करावी ही विनंती’ हे वाक्य मुद्दाम नाही. ही रजा मंजुरीवर अवलंबून नसते, तुम्ही फक्त सूचना देता. कागद हाती देत असाल तर दोन प्रती न्या आणि एकीवर तारीख-शिक्का घ्या. पोच द्यायला नकार मिळाला तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. मेल करताना कंपनीच्या पत्त्यावरून स्वतःच्या खासगी मेलला प्रत जाऊ द्या.

सूचना द्यायची राहून गेली आणि बाळंतपण अचानक झालं, तर नंतर शक्य तितक्या लवकर द्या. सूचना उशिरा दिली म्हणून हक्क बुडत नाही.

प्रमाणपत्रावर ड्यू डेट, डॉक्टरांची सही, नोंदणी क्रमांक आणि शिक्का हवा. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर बऱ्याचदा दोन तारखा असतात, एक शेवटच्या पाळीवरून काढलेली आणि एक सोनोग्राफीवरून. कोणती धरायची ते डॉक्टरांकडून एकदाच लिहून घ्या. रजेची तारीख, ८० दिवस आणि आधीचे ८ आठवडे हे सगळं त्या एका तारखेवरून मोजलं जातं, पुढे ती बदलली की सगळा कागद पुन्हा करावा लागतो.

पैसे किती आणि कधी

रजा सुरू होण्याआधीच्या तीन कॅलेंडर महिन्यांत ज्या दिवशी काम केलं त्या दिवसांचा सरासरी रोज काढायचा आणि तो रजेच्या प्रत्येक दिवसाला द्यायचा. रोजंदारीवर सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. समजा रोज ६०० रुपये आहे आणि तीन महिन्यांत ७८ दिवस काम झालं. मजुरी ४६,८०० रुपये, भागिले ७८, सरासरी ६००. आता गुणिले १८२, म्हणजे १,०९,२०० रुपये. ठेकेदार इथे रविवार वगळून १५६ दिवस धरतो आणि ९३,६०० हातावर ठेवतो. १५,६०० रुपये गेले. आठवडा म्हणजे रविवारासकट सात दिवस, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच बी. शहा प्रकरणात स्पष्ट केलं आहे. हा दाखला अर्जात लिहिला की हिशेब बहुधा मुकाट्याने दुरुस्त होतो.

महिना पगारवाल्यांनी वेगळी काळजी घ्यायची. १९६१ च्या कायद्यात ‘वेतन’ म्हणजे घरभाडे भत्त्यासकट रोख मिळणारं जवळपास सगळं होतं. ओव्हरटाइम आणि प्रोत्साहनपर नसलेला बोनस वगळला जायचा. संहितेत वेतनाचा पाया मूळ पगार आणि महागाई भत्ता हा आहे. घरभाडे, प्रवास वगैरे भत्ते बाहेर राहतात, मात्र बाहेर राहणारा भाग एकूण रकमेच्या निम्म्याहून जास्त असेल तर वरची रक्कम वेतनात परत धरतात. ४०,००० च्या पगारात मूळ पगार १६,००० आणि भत्ते २४,००० असतील तर या व्याख्येने वेतन २०,००० भरतं. हातात पडणाऱ्या पगाराच्या निम्मंच. बऱ्याच कंपन्या रजेच्या काळात नेहमीचा पूर्ण पगार चालू ठेवतात. तुमची तसं करते का, हे रजेआधी मेलवर विचारा. नियुक्तीपत्रात किंवा एचआर धोरणात ‘पूर्ण पगारी मातृत्व रजा’ असं लिहिलं असेल तर त्या पानाची प्रत काढून ठेवा.

कायद्याप्रमाणे प्रसूतीआधीच्या काळाची रक्कम गरोदरपणाचा पुरावा दिल्यावर आगाऊ मिळायला हवी आणि उरलेली रक्कम प्रसूतीचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत. पुरावा म्हणून डिस्चार्ज कार्ड किंवा जन्मदाखला चालतो. महापालिकेचा दाखला यायला वेळ लागतो, म्हणून डिस्चार्ज कार्ड त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर नव्हे, मेलवर पाठवा. दर महिन्याच्या पगारासारखे पैसे येत असतील तर बहुतेक जणी ४८ तासांचा आग्रह धरत नाहीत, ते शहाणपणाचंच आहे. पण ‘परत कामावर आल्यावर एकरकमी देऊ’ असं कोणी म्हणालं तर थांबवा. सहा महिन्यांनी राजीनामा द्यावा लागला तर ते पैसे फुल अँड फायनलमध्ये (नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशेबात) अडकतात.

याशिवाय, कंपनीने प्रसूतीपूर्व आणि प्रसूतीनंतरची तपासणी मोफत दिली नसेल तर ३,५०० रुपये वैद्यकीय बोनस मिळतो. मागितल्याशिवाय तो कोणी देत नाही. ग्रुप मेडिक्लेम आहे म्हणून एचआरने नाही म्हटलं तर त्यात नियमित तपासण्या आणि औषधं येतात का ते बघा. बहुतेक पॉलिसींमध्ये फक्त दाखल झाल्यावरचा खर्च येतो.

पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर

महिना २१,००० रुपयांपर्यंत (दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी २५,०००) वेतन असलेल्यांचा ईएसआय कापला जातो. कर्मचाऱ्याकडून ०.७५ टक्के, मालकाकडून ३.२५ टक्के. मग मातृत्व लाभ कंपनी देत नाही, ईएसआय महामंडळ देतं. आठवडे तेच, २६ किंवा १२, आणि सरासरी रोजच्या १०० टक्के.

इथली अट ८० दिवसांची नाही. लागोपाठच्या दोन अंशदान काळांत मिळून ७० दिवसांचं अंशदान (विम्याचा हप्ता) भरलेलं हवं. अंशदान काळ दोन: १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. पहिल्याचा लाभकाळ (त्या हप्त्यांवर लाभ मिळतो तो काळ) पुढच्या जानेवारी ते जून, दुसऱ्याचा जुलै ते डिसेंबर. प्रसूती नोव्हेंबर २०२६ मध्ये असेल तर ऑक्टोबर २०२५ ते मार्च २०२६ आणि त्याआधीचा एप्रिल ते सप्टेंबर २०२५ हे काळ मोजले जातात. त्यामुळे एप्रिल २०२६ ला पहिल्यांदाच नोकरीला लागलेल्या बाईला अडचण येते. कामाला लागल्यापासून पहिले नऊ महिने लाभकाळ सुरूच होत नाही. नोकरी बदलताना जुनाच आयपी नंबर (ईएसआयमधला विमाधारक क्रमांक) नव्या कंपनीला द्या. नवा नंबर काढला की आधीचे दिवस हिशेबात दिसत नाहीत आणि दोन नंबर जोडून घेण्यात महिने जातात.

क्रम असा: ईएसआय दवाखान्यात गरोदरपणाची नोंद करून प्रमाणपत्र घ्या, अपेक्षित प्रसूतीचं प्रमाणपत्र घ्या, मग दावा (पूर्वीपासून ‘फॉर्म १९’ म्हणतात तो) शाखा कार्यालयात किंवा पोर्टलवर भरा. बँक खात्यावरचं नाव, आधारवरचं नाव आणि ईएसआयमधलं नाव एकच आहे ना, हे चौथ्या-पाचव्या महिन्यातच पाहा. लग्नानंतर एका ठिकाणी आडनाव बदललं, दुसरीकडे माहेरचंच राहिलं, यावरून अडकलेले दावे ढिगाने असतात. ईएसआयची सोय नसलेल्या भागात बाहेर बाळंतपण झालं तर दोन बाळंतपणांपर्यंत प्रत्येकी ७,५०० रुपये प्रसूती खर्च म्हणून मिळतात.

पगार अंशदान काळाच्या मधेच २१,००० च्या वर गेला तर तो काळ संपेपर्यंत कपात चालूच राहते. ती मधेच बंद झाली तर विचारा. ईएसआयच्या मर्यादेबाहेर गेलेल्या बाईचा लाभ मालकाने द्यायचा असतो. ‘ईएसआय म्हणतं कंपनीकडे जा, कंपनी म्हणते ईएसआयकडे जा’ अशी गत झाली तर दोघांकडूनही नकार लेखी घ्या.

गर्भपात, अपुऱ्या दिवसांचं बाळ, मृत जन्म

या प्रसंगी कोणालाच कागद सुचत नाहीत, आणि एचआरही चुकीचे नियम सांगतं. म्हणून घरातल्या दुसऱ्या कोणीतरी हा भाग वाचून ठेवावा.

गर्भपात झाला किंवा वैद्यकीय कारणाने करावा लागला तर त्या दिवसापासून पुढे ६ आठवडे पगारी रजा. ही रजा मागायला ‘हयात मुलं किती’ हा प्रश्न येत नाही. कायद्यात २६ व्या आठवड्यापर्यंतच गर्भपात धरला आहे. त्यानंतर मूल मृत जन्मलं तर ती प्रसूतीच आहे, कारण ‘मूल’ या शब्दात मृत जन्मलेलं मूलही येतं. तेव्हा पूर्ण रजा लागू होते. ‘बाळ नाही म्हणजे सहा आठवडे’ असं सांगून बाईला परत बोलावणं बेकायदा आहे. डिस्चार्ज कार्डावर गरोदरपणाचे आठवडे स्पष्ट लिहिले आहेत ना, तेवढं घरच्यांनी पाहावं. नंतर मिसकॅरेज की डिलिव्हरी हा वाद त्या एका आकड्यावर मिटतो. बाळ जन्मून नंतर गेलं तरी आईची रजा तुटत नाही.

गरोदरपण, प्रसूती, अपुऱ्या दिवसांचा जन्म, गर्भपात किंवा कुटुंबनियोजन शस्त्रक्रिया यांतून आजार उद्भवला तर नेहमीच्या रजेवर आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा मिळते. बाळ अतिदक्षता विभागात असलेल्या आयांना ही तरतूद उपयोगी पडते, पण प्रमाणपत्र ‘बाळ आजारी’ असं असून चालत नाही. ते आईच्या नावाने हवं आणि त्यात अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीशी संबंध लिहिलेला हवा. प्रसूतीनंतर टाके पिकणं, रक्तदाब, नैराश्य हेही यात बसू शकतं, डॉक्टरांनी ‘प्रसूतीमुळे’ हा शब्द लिहिला तर. स्त्रीच्या नसबंदीसाठी २ आठवडे वेगळे मिळतात.

रजेच्या आधी आणि परत आल्यावर

प्रसूतीआधीच्या सहा आठवड्यांच्या मागचा एक महिना, आणि त्या सहा आठवड्यांत तुम्ही कामावर असाल ते दिवस, जड किंवा बराच वेळ उभं राहण्याचं काम नाकारता येतं. पगार कमी होत नाही. पण त्यासाठी तुम्ही मागणी करायला हवी. नर्स, विक्रेत्या, पॅकिंग लाइनवरच्या मुली आणि शिक्षिका यांनी ही मागणी दोन ओळींत लेखी द्यावी.

परत आल्यावर मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत, जेवणाच्या सुट्टीशिवाय, दिवसात दोन वेळा दूध पाजण्यासाठी सुट्टी मिळते. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघर हवं, कंपनीचं स्वतःचं किंवा इतरांबरोबर सामायिक. तिथे आईला दिवसातून चार वेळा जाता येतं. पाळणाघर कागदावर असतं, चार किलोमीटर दूर असतं, असंही दिसतं. असं असेल तर चार फेऱ्यांना लागणारा वेळ मोजून मेलवर कळवा, कारण तो वेळ कामाच्या तासांत धरला जातो.

घरून काम करण्याबद्दल जास्त आशा ठेवू नका. कायदा सांगतो की कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतर मालक परवानगी देऊ शकतो, अटी दोघांनी ठरवायच्या. म्हणजे हा हक्क नाही, बोलणी आहेत. किती महिने, आठवड्यातून किती दिवस, हे रजा संपण्याआधी महिनाभर ठरवून घ्या.

नोकरीवर गदा आली तर

रजेच्या काळात कामावरून काढणं, काढण्याची नोटीस अशी देणं की तिची मुदत रजेत संपेल, किंवा सेवाशर्ती बाईच्या तोट्याच्या करणं बेकायदा आहे. गंभीर गैरवर्तनाचा अपवाद आहे, पण तिथेही लेखी आदेश लागतो आणि त्याविरुद्ध ६० दिवसांत अपील करता येतं. मुदतीच्या कंत्राटावर असलेल्या स्त्रीचं कंत्राट रजेच्या मध्ये संपलं तरी लाभ पूर्ण काळासाठी द्यावा लागेल, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये डॉ. कविता यादव यांच्या प्रकरणात ठरवलं.

हे सगळं टाळायचा कंपन्यांचा जुना रस्ता म्हणजे राजीनामा. ‘आता रिझाइन कर, बाळ झाल्यावर परत घेऊ’ असं गोड बोलून सांगितलं जातं. सही केली की तुम्ही स्वतःहून गेलात, आणि वर्षभराने नवी नोकरी, नवा पगार, ग्रॅच्युइटीची मोजणी पहिल्यापासून. रजेवर राहिलात तर २६ आठवडे ग्रॅच्युइटीच्या सलग सेवेत धरले जातात. दबाव वाढला तर त्याच संध्याकाळी मेल करा: ‘आज दुपारी झालेल्या बैठकीत मला राजीनामा देण्यास सांगण्यात आलं. माझी तशी इच्छा नाही. मी माझ्या सूचनेप्रमाणे … पासून मातृत्व रजेवर जात आहे.’ एवढ्याने निम्म्या वेळा विषय संपतो. सही आधीच झाली असेल तर ती दबावाखाली झाल्याचं लगेच लेखी कळवा. चार महिन्यांनी कळवलं तर कोणी ऐकत नाही.

तक्रार जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्त किंवा सरकारी कामगार अधिकारी यांच्या कार्यालयात द्यायची. मुंबईत कामगार आयुक्तालय वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात आहे. महाराष्ट्रात कारखान्यांचा विषय औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय बघतं. गोव्यात पणजीचं कामगार आयुक्त कार्यालय. बँक, रेल्वे, विमा, विमानतळ असल्या आस्थापना केंद्राच्या अखत्यारीत येतात, त्यांची तक्रार केंद्रीय कामगार आयुक्तांच्या कार्यालयात. सोबत जोडा: नियुक्तीपत्र, शेवटच्या चार-पाच महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, हजेरी, सूचनेची पोच, प्रमाणपत्र, नकाराचा मेल, आणि किती रक्कम देणं आहे त्याचा एका पानाचा हिशेब. हा हिशेब नसेल तर अधिकाऱ्याला तो काढावा लागतो आणि फाइल ढिगात जाते.

एक गोष्ट तुमच्या बाजूने चुकू नये. रजेच्या काळात दुसरीकडे पगारी काम केलं तर त्या काळाचा लाभ जातो. घरून फ्रीलान्स कामं घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

वडील, आणि घरातली आजारपणं

इथे कायदा फारच तोकडा आहे. खासगी नोकरीतल्या वडिलांसाठी पितृत्व रजेचा केंद्रीय कायदा नाही, कंपनी जे देईल ते. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना १५ दिवस पितृत्व रजा आहे, स्त्रियांना १८० दिवस मातृत्व रजा, आणि मूल १८ वर्षांचं होईपर्यंत एकूण ७३० दिवसांची बालसंगोपन रजा. त्यातले पहिले ३६५ दिवस पूर्ण पगारी, पुढचे ८० टक्के पगारावर. एकट्या वडिलांनाही ती मिळते.

आई-वडील, सासू-सासरे, नवरा किंवा मूल आजारी पडलं म्हणून रजा देणारी तरतूद खासगी क्षेत्रात नाही. ईएसआयचा आजारपणाचा लाभ, वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के, फक्त स्वतःच्या आजारासाठी आहे. कुटुंबाला उपचार मिळतात, शुश्रूषेसाठी तुम्हाला पगार मिळत नाही. म्हणून हाताशी असलेल्या रजा जोडाव्या लागतात. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ प्रमाणे वर्षाला ८ किरकोळ रजा असतात. वर्षात २४० दिवस भरले की दर २० दिवसांच्या कामाला एक अर्जित रजा मिळते, ती ४५ दिवसांपर्यंत साठते. मोठं ऑपरेशन ठरलेलं असेल तर अर्जित रजा त्यासाठी राखा आणि किरकोळ रजा आधीच्या तपासण्यांना वापरा. त्यापुढे लागतील ते दिवस विनावेतन. विनावेतन रजा कधीही तोंडी घेऊ नका. किती दिवस, परत कोणत्या तारखेला, आणि ‘सेवा सलग धरली जाईल’ हे शब्द मेलवर हवेत. नसतील तर तीच रजा पुढे ‘काम सोडून गेले’ म्हणून दाखवली जाते.

दहापेक्षा कमी माणसांच्या ठिकाणी

डॉक्टरांच्या छोट्या क्लिनिकमधली मावशी, तीन जणींचं ब्युटी पार्लर, घरकाम. इथे मालकाकडून मागण्यासारखा कायदेशीर लाभ नाही. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पात्र स्त्रीला पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात: गरोदरपणाची नोंद आणि सहा महिन्यांच्या आत किमान एक तपासणी झाल्यावर ३,०००, बाळाची जन्मनोंद आणि पहिल्या लसी झाल्यावर २,०००. दुसरं बाळ मुलगी असेल तर ६,०००. नोंद अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे होते, खातं स्वतःच्या नावाचं आणि आधारला जोडलेलं लागतं. नवऱ्याच्या खात्याचा नंबर दिला की पैसे येत नाहीत.

बांधकामावर काम करणारी स्त्री महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदलेली असेल तर नैसर्गिक प्रसूतीला १५,००० आणि सिझेरियनला २०,००० रुपये मिळतात, दोन मुलांपर्यंत. नवरा नोंदीत कामगार असेल तर त्याच्या पत्नीलाही. नोंदणीसाठी मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं आणि नोंदणी चालू असावी लागते, म्हणून नूतनीकरणाची तारीख बाळंतपणाच्या आधी येते का ते सातव्या महिन्यातच कार्डावर पाहा.